जग नावाचे खेडे आणि त्याची वेस

मराठी विभागांच्या चर्चासत्रांत गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते. बीजभाषण कोणाचेही असो, विषय नव्वदोत्तरी कवितेचा असो की ग्रामीण कादंबरीतील बदलत्या वास्तवाचा, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते येतेच : माहिती-तंत्रज्ञानाच्या महापुरामुळे आज जग हे एक खेडे झाले आहे. श्रोते मान डोलावतात आणि वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आम्हीही मान डोलावलेली आहे. एवढेच काय, १९९९ साली एका निबंधात हे वाक्य आम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेले आहे. तेव्हा पुढील मजकुरातले काही फटके आमच्याच पाठीवर पडणार आहेत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे म्हणणे असे की हे वाक्य खोटे आहे, आणि ते ज्या पद्धतीने खोटे आहे ती पद्धत साहित्याच्या अभ्यासकांनी तपासण्याजोगी आहे. महापूर यावा लागत नाही, तो आपोआप येतो. त्याला कोणी आणत नाही आणि कोणी अडवत नाही. 'माहितीचा स्फोट' हा दुसरा लाडका शब्दप्रयोग. तोही तसाच, करणाऱ्यावाचून झालेला. तंत्रज्ञान हे जणू पाऊसपाण्यासारखे वरून येते आणि सर्वांच्या अंगावर सारखेच पडते, अशी यामागची धारणा असते. प्रत्यक्षात ते एका तारेवरून येते. तार कोणाच्या तरी मालकीची असते, ती कुठून तरी कुठपर्यंत जाते, आणि पुष्कळदा जिथे पोचायला हवी तिथे पोचत नाही. हे आम्हाला ग्रंथांतून कळले नाही. घरातल्या दूरध्वनीच्या तारेवर ब्रॉडबँड मिळवण्यासाठी जे सतरा महिने खर्ची पडले, त्यांनी ते शिकवले.

आमचे घर उत्तर रत्नागिरीतल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेपासून दोन वाड्या पलीकडे आहे. दूरध्वनीसाठी वडिलांनी १९८७ साली अर्ज केला आणि तो घरात आला १९९४ साली. त्या काळी एवढी प्रतीक्षा सर्वसाधारण समजली जाई; शेजाऱ्यांनी पेढेही मागितले. पुढे २००७च्या मे महिन्यात, त्याच तारेवर ब्रॉडबँड मिळावे असा अर्ज आम्ही संबंधित कंपनीकडे केला. नवी तार नको होती, नवा खांब नको होता. तेरा वर्षे बिले नियमित भरलेली, तार जिवंत, आवाज स्पष्ट. एवढ्यावर मागणी सहज पुरी होईल अशी आमची समजूत होती, कारण जाहिरातीत तसेच म्हटले होते : तुमच्या आहे त्या दूरध्वनीवर.

ऑगस्टमध्ये पत्र आले. 'आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली असून सदर ठिकाणी तांत्रिक व्यवहार्यता नसल्याचे आढळून आले आहे.'

मराठीचे अध्यापक असल्याने आम्ही हे वाक्य आधी व्याकरणासाठी वाचले. नोंद घेण्यात आली, कोणी घेतली? आढळून आले, कोणाला आढळले, काय पाहिल्यावर आढळले? मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हापासून आपण विद्यार्थ्यांना भावकर्तरी प्रयोग शिकवत आलो आहोत : उजाडले, सांजावले, मळमळले. येथे क्रियापदाला निराळा कर्ता नसतो, कारण उजाडण्याचे काम कोणी करत नाही. 'आढळून आले' हे व्याकरणाच्या दृष्टीने त्या वर्गातले नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण कार्यालयीन मराठीने आपली सारी क्रियापदे त्या वळणावर नेऊन बसवली आहेत. जसे उजाडले, तसे अव्यवहार्य आढळले. उजाडण्याबद्दल कोणाकडे तक्रार करावी? १९६० साली राज्याबरोबरच भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शासनव्यवहाराला मराठी शब्द मिळाले, हे मोठेच काम झाले. पण शब्दांबरोबर जी वाक्यरचना रूढ होत गेली, तिने या भाषेतून कर्ता हद्दपार केला. त्याची चिकित्सा करण्याचे काम मराठी विभागांचे होते. आपण त्याऐवजी 'प्रमाणभाषा की बोली' हा वाद घोळत बसलो, आणि नकाराची प्रमाणभाषा आपल्या नजरेसमोर तयार झाली.

याच्या उलट लाइनमनची मराठी. आमच्या भागाचे लाइनमन वयाने वडील. सारी वाडी त्यांना मामा म्हणत असे, म्हणून आम्हीही मामा म्हणत असू. ते पत्र आम्ही त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "सर, तसं काही नाही. तुमची जोडी जुन्या केबलवर आहे. ती केबल वहाळातून पलीकडच्या वाडीला जाते नि तिथून परत येते. पाऊस लागला की ती भिजते." एवढेच. या तीन वाक्यांत प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे, कारण आहे, आणि नकाशाही आहे. व्यवहार्यता हा शब्द मामांनी आयुष्यात उच्चारला नसेल.

आता तांत्रिक बाजू थोडी सांगितली पाहिजे, कारण 'तांत्रिक' या विशेषणामागे जे लपवले जाते ते फारसे गहन नाही. दूरध्वनीची तार म्हणजे एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तांब्याच्या तारा. पीळ देण्याची कल्पना ग्रॅहॅम बेलची, १८८१ सालची. शेजारच्या तारांचा उपद्रव त्याने कमी होतो. मानवी बोलणे वाहून नेण्यासाठी या जोडीची सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच कंप्रता वापरली जाई. त्यापलीकडची सारी जागा शंभर वर्षे रिकामी होती. ब्रॉडबँडने ती वापरायला घेतली : साधारण २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंत, आणि सुधारित पद्धतीत २२०० पर्यंत. घरी एक छोटी डबी बसवायची, ती आवाज एकीकडे आणि माहिती दुसरीकडे वेगळी करते. म्हणून दूरध्वनीवर बोलता बोलता संगणकही चालतो. डायल-अपच्या दिवसांत, घरात कोणी फोन उचलला की उतरत असलेले पुस्तक अर्ध्यावर तुटे, हे ज्यांनी सोसले त्यांनाच या डबीचे महत्त्व कळेल.

अडचण अशी की कंप्रता जितकी उंच तितकी ती तारेत लवकर विरते. एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला सुधारित पद्धतीत सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत वेग मिळू शकतो. तारेची लांबी पाच किलोमीटरच्या घरात गेली की हाती फारच थोडे उरते, आणि त्यापुढे जोडणी टिकतच नाही. हे पदार्थविज्ञान आहे, त्यावर आमचा आक्षेप नाही. परंतु लांबी मोजायची ती तारेची. कावळा उडतो ते अंतर येथे कामाचे नाही, आणि माणूस चालतो तेही नाही. आमचे घर एक्स्चेंजपासून पायी दोन किलोमीटर. मामांच्या सांगण्यानुसार तार वहाळ ओलांडून, पलीकडच्या वाडीला वळसा घालून, साडेपाच किलोमीटर फिरून येत होती. पाणंदीच्या पलीकडे, आमच्या अंगणातून दिसणाऱ्या घरात, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रॉडबँड सुरू झाले. कारण त्या घराची जोडी मुख्य रस्त्याने टाकलेल्या नव्या केबलवर होती. म्हणजे एकाच वाडीत, एकाच पाणंदीच्या दोन अंगांना, एक घर व्यवहार्य आणि एक अव्यवहार्य.

आम्ही पुन्हा अर्ज केला. या वेळी उत्तर आले की 'पोर्ट उपलब्ध नाही'. हेही समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक ब्रॉडबँड ग्राहकासाठी एक्स्चेंजमधल्या यंत्रात एक जागा लागते, तिला पोर्ट म्हणतात. जागा भरल्या की नवे यंत्र मागवावे लागते. हा खरेदीचा प्रश्न झाला. त्यात तंत्र कोठे आले? पण पहिल्या पत्रात अंतर आडवे आले होते ते दुसऱ्या पत्रात नाहीसे झाले, आणि दोन्ही पत्रे 'तांत्रिक कारणास्तव' या एकाच शिक्क्याखाली आली.

तिसरा प्रकार मात्र विलक्षण होता. २००८च्या फेब्रुवारीत दूरध्वनीच्या बिलात ब्रॉडबँडचे मासिक भाडे लागून आले. चौकशीला गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी संगणकात पाहिले आणि सांगितले की तुमची जोडणी पूर्ण झालेली आहे. आम्ही म्हटले, नाही झालेली. त्या म्हणाल्या, इथे पूर्ण दिसते आहे. मोडेमचे खोके घरी आले होते हे खरे. त्यावरचा एक हिरवा दिवा लुकलुकत राही आणि कधीच स्थिर होत नसे, हेही खरे. पण नोंदवहीत लुकलुकण्याला रकाना नव्हता. ज्या गोष्टीचे भाडे लागते ती अस्तित्वात असलीच पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. आमच्या मते कादंबरीतील अविश्वसनीय निवेदक शिकवताना परदेशी उदाहरणे देण्याची काहीच गरज नाही. ते बिल दुरुस्त होण्यास चार महिने लागले.

आणि शेवटी काय झाले? २००८च्या ऑक्टोबरात कार्यालयात नवे उपअभियंता आले. त्यांनी मामांना विचारले, मामांनी जे आम्हाला सांगितले होते तेच त्यांना सांगितले, आणि त्यांनी एका कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी आमची तार जुन्या डीपीवरून सोडवली आणि पाणंद ओलांडून शेजाऱ्यांच्या डीपीतल्या एका मोकळ्या जोडीला बांधली. साठेक मीटर तार लागली. चार वाजता दिवा स्थिर झाला. सतरा महिने जे व्यवहार्य नव्हते ते एका दुपारी झाले. त्या अवधीत पदार्थविज्ञानाचे नियम बदलल्याचे ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल की एका घराच्या रडकथेवरून एवढा निष्कर्ष कशाला? म्हणून थोडे वर जाऊन पाहू. २००४ साली देशाचे पहिले ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले. त्यात ब्रॉडबँडची व्याख्या सेकंदाला किमान २५६ किलोबिट अशी होती. ती २०१३ साली ५१२ झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट. धोरणाने लक्ष्ये ठरवली : २००५ अखेर ३० लाख ग्राहक, २००७ अखेर ९० लाख, २०१० अखेर २ कोटी. २०१० संपले तेव्हा प्रत्यक्ष आकडा सुमारे १ कोटी १० लाखांचा होता. हा महापूर! धरणात निम्मे पाणी आले तर जलसंपदा खातेसुद्धा महापूर म्हणत नाही.

ही लक्ष्ये चुकली त्याला कारणे अनेक असतील, पण एक कारण धोरणाच्या मजकुरातच होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली होती की ग्राहकाच्या घरापर्यंत गेलेली तांब्याची तार इतर सेवादारांनाही भाड्याने खुली करावी. तार जिची आहे तिची राहील, पण तिच्यावरून ब्रॉडबँड देण्याची मुभा दुसऱ्यालाही असेल. ब्रिटनमध्ये हाच मार्ग अवलंबला गेला आणि २००६ साली तारांचा कारभार पाहणारा 'ओपनरीच' हा वेगळा विभागच उभा राहिला. आपल्या धोरणाने ती सक्ती स्वीकारली नाही. परस्परसंमतीने व्यापारी करार करावेत, एवढे म्हणून ते थांबले. परस्परसंमती म्हणजे ज्याच्या हातात तार आहे त्याची संमती, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. २००६च्या सुमारास देशात तारेच्या दूरध्वनींची संख्या सुमारे ५ कोटी होती. एवढ्या घरांच्या भिंतीपर्यंत तांबे पोचलेले होते. त्यातली किती घरे अव्यवहार्य होती आणि किती अव्यवहार्य आढळून आली, हा फरक कोणी मोजला नाही.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. जुनी केबल सांभाळणे महाग असते. पावसात जोड भिजतात, रस्ता रुंद करणारा ठेकेदार विचारपूस न करता केबल तोडतो, तांबे चोरीला जाते, आणि निवृत्त झालेल्या लाइनमनच्या जागी नवा माणूस येत नाही. हे सारे आम्ही पाहिलेले आहे. यातले काहीही खोटे नाही, आणि कंपनीने पत्रात हे लिहिले असते तर आम्ही मुकाट्याने वाट पाहिली असती. 'तुमची केबल जुनी आहे, ती बदलण्यास आमच्याकडे पैसे नाहीत' हे प्रामाणिक मराठी वाक्य आहे. त्यावर चर्चा होऊ शकते, ते आमदारांपुढे ठेवता येते, त्यावर मोर्चा निघू शकतो. 'व्यवहार्यता नसल्याचे आढळून आले' यावर काय निघणार?

आता आमच्या मूळ वाक्याकडे येऊ. जगाचे खेडे ही कल्पना मार्शल मॅक्लुहान यांची. १९६२च्या 'द गुटेनबर्ग गॅलक्सी' या ग्रंथापासून ती पसरली. आपल्याकडे ती आली ती एखाद्या शुभेच्छापत्रासारखी : सारे जवळ आले, सारे एक झाले. मॅक्लुहान यांना तसे म्हणायचे नव्हते. खेड्यात एकोपा नांदतो अशी त्यांची समजूत नव्हती. जवळ आलेली माणसे अधिक भांडतील असेच ते म्हणत. पण मॅक्लुहान बाजूला ठेवू. खेडे म्हणजे काय हे मराठी साहित्याच्या अभ्यासकाला कॅनडातल्या प्राध्यापकाने सांगावे लागावे का? खेड्याला वेस असते. गावकूस असते, आणि कोणाची घरे त्या गावकुसाबाहेर होती हे दलित साहित्याने आपल्याला इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवले आहे की त्यानंतर 'खेडे' हा शब्द भाबडेपणाने वापरण्याचा अधिकार मराठी समीक्षेला उरलेला नाही. तारेचे दुःख आणि त्या दुःखाची तुलना आम्ही करत नाही. तशी ती करणे अशोभनीय होईल. आम्ही एवढेच विचारतो आहोत की ज्यांनी आयुष्यभर गावकुसाबाहेरचे साहित्य शिकवले, त्यांनी जगाचे खेडे झाले असे म्हणताना या खेड्याची वेस कोठे आहे, हे एकदाही का विचारले नाही? ती एक्स्चेंजपासून पाच किलोमीटरवर होती. पत्ता इतका निश्चित होता.

याचे एक कारण आम्हाला असे वाटते की हे वाक्य उच्चारणारे बहुतेक वक्ते वेशीच्या आत राहत होते. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात बसून जग जवळ आल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यापैकीच काही जण पुढच्या सत्रात उलट सूर लावीत : इंटरनेटने वाचनसंस्कृती बुडवली, मुलांना आयते मिळू लागले, संशोधन म्हणजे उतरवून घेणे झाले. या दुसऱ्या तक्रारीबद्दल तर आमच्या मनात अधिकच राग आहे. आयते कोणाला मिळाले? शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर खुला केला, त्यामुळे १८५७च्या त्या आवृत्तीतला एखादा शब्द पाहण्यासाठी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाण्याची गरज उरली नाही. जिल्ह्याचे ग्रंथालय आमच्याकडून एस.टी.ने तीन-चार तासांवर आहे. जुन्या मराठी ग्रंथांची स्कॅन केलेली पाने मिळू लागली. असे एखादे पुस्तक ४० मेगाबाइटचे धरले तर २५६ किलोबिटच्या जोडणीवर ते एकवीस मिनिटांत उतरते; डायल-अपवर ४० किलोबिटचा वेग मिळाला तर दोन तास तेरा मिनिटे, आणि त्यात फोन यायचा नाही. त्या काळी काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत वापर मोजला जात नसे. आमच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, पाणंदीपलीकडच्या त्या व्यवहार्य घरात, पहाटे अडीचला उठून पुस्तके उतरवली आहेत. त्या घरच्या काकू तिच्यासाठी दाराची कडी काढून ठेवत. हिला आयते मिळाले म्हणणाऱ्याने निदान एकदा पहाटे अडीचला उठून पाहावे.

२०१० साली एन-लिस्ट योजना आली आणि महाविद्यालयीन अध्यापकांना घरबसल्या नियतकालिके वाचता येऊ लागली. 'घरबसल्या' हा शब्द येथे निर्णायक आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात संगणककक्ष एक, त्याची किल्ली प्रयोगशाळा-साहाय्यकाकडे, आणि तो पाचला घरी जातो. अध्यापकाचे वाचन रात्री होते. म्हणून घरातली तार ही चैनीची वस्तू समजता येत नाही. अभ्यासाची ती तेवढीच मूलभूत गरज आहे जेवढे टेबल आणि दिवा. शोधगंगेवर आज हजारो प्रबंध वाचायला मिळतात, आणि त्यांतल्या अनेकांत जग हे एक खेडे झाले आहे हे वाक्य सापडते. ते वाक्य वाचण्यासाठी संशोधकाला कुठल्या टेकडीवर चढावे लागते, हे मात्र प्रबंधात नसते.

टेकडीचा उल्लेख अलंकार म्हणून केलेला नाही. २०२०च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि आम्ही घरून शिकवू लागलो, तेव्हा एम.ए.च्या वर्गातल्या एकोणीस विद्यार्थ्यांपैकी सात जण वाडीबाहेरच्या कातळावर जाऊन तास ऐकत. मोबाइलवरचा डेटा २०१६नंतर स्वस्त झाला, त्यामुळे तारेचा प्रश्न आता इतिहासजमा झाला असे सांगणारे विद्वान आम्हाला भेटतात. स्वस्त झाला हे मान्य. पण चित्रफीत पाहणे वेगळे आणि दीडशे पानांचा प्रबंध दुरुस्त करून पाठवणे वेगळे. उन्हात कातळावर बसून 'लीळाचरित्रा'तली एखादी लीळा समजून घेता येते. तळटीपा तपासता येत नाहीत.

त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. वाडीतले अकरा खांब पडले, माडपोफळी आडव्या झाल्या, तारा आगरांत लोळल्या. येथे मात्र भावकर्तरी प्रयोग शोभला असता : वादळ झाले, अंधारले. वीज महिनाभराने आली. दूरध्वनीची तार आली नाही. आम्ही पत्र पाठवले. उत्तरात म्हटले होते की 'नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा खंडित झाली असून दुरुस्तीची कार्यवाही करण्यात येत आहे'. पहिला अर्धा भाग खरा होता. दुसऱ्या अर्ध्या भागाची वाट आम्ही पुढचे दोन पावसाळे पाहिली. मामा तेव्हा निवृत्त झालेले होते. ते एकदा येऊन लोळणारी तार गुंडाळून पडवीत ठेवून गेले. पायात येते म्हणाले. तीन महिने त्या मृत तारेचे भाडेही लागत होते. ते पुढे परत मिळाले, हे सांगणे न्यायाचे होईल.

आता तांब्याचे दिवस सरले आहेत. २०२३ साली येथल्या केबलवाल्याने फायबर आणला आणि आमचे घर पुन्हा व्यवहार्य झाले. खांबामागे किती खर्च येतो आणि किती घरे मिळाली तर तो भरून निघतो, हे त्याने आमच्या पडवीत बसून बोटांवर मोजून सांगितले. वहाळापलीकडच्या वाडीत चौदा घरे आहेत. तिथे तो गेला नाही. "सर, चौदा घरांत परवडत नाही मला," असे तो म्हणाला. या वाक्याला कर्ता आहे, म्हणून त्याच्याशी आमची बोलणी चालू आहेत. वीस घरे झाली तर येतो म्हणतो. वरच्या अंगाला आणखी पाच घरे आहेत, त्यांना भेटायला आम्ही पुढच्या रविवारी जाणार आहोत. एक घर कुठून आणायचे ते अजून सुचलेले नाही. शाळेची इमारत घर म्हणून धरता येईल का, असे त्याला विचारून ठेवले आहे.

त्या चौदांपैकी एका घरातली मुलगी यंदा आमच्याकडे संशोधनासाठी नोंदणी करते आहे. विषय निवडण्यासाठी ती आली तेव्हा तिने आणलेल्या आराखड्याच्या पहिल्या पानावर, दुसऱ्या परिच्छेदात, ते वाक्य होतेच. आम्ही तिला ते खोडायला सांगितले नाही. त्याच्यापुढे कंसात आपल्या घरापासून जवळच्या जोडणीपर्यंतचे अंतर लिही, एवढेच सुचवले. तिने क्षणभर विचार करून विचारले, "सर, पायी की तारेने?"